एकाच दिवशी रीडिंग जुळतात, दुसऱ्या दिवशी बदलतात... मेथड रिलायबल आहे हे कसं ठरवायचं?

रानवारा:
मी पाण्यातलं फॉस्फेट मोजतेय, मॉलिब्डेनम ब्लू मेथडने (फॉस्फेट जितकं जास्त तितका निळा रंग गडद), ८८० नॅनोमीटरच्या प्रकाशात. कॅलिब्रेशन कर्व्ह (फॉस्फेट किती ते माहीत असलेल्या स्टँडर्ड द्रावणांवरून काढलेली रेषा) मस्त येतो, आर स्क्वेअर ०.९९८. एका दिवसातली तीन रीडिंग पण अगदी जवळजवळ येतात, पण तेच सॅम्पल दुसऱ्या दिवशी लावलं की आकडा बऱ्यापैकी खाली. गाइड म्हणतात कर्व्ह चांगला आहे ना, मग सरासरी काढ आणि पुढे जा. मला ते पटत नाहीये. पुढचं सगळं काम या आकड्यांवर उभं राहणार आहे, प्लीज सांगा.

निळी_शाई:
पटत नाहीये ते बरोबरच आहे. आर स्क्वेअर फक्त एवढंच सांगतो की तुमचे स्टँडर्ड एका सरळ रेषेत बसतायत, सॅम्पलमधला आकडा खरा आहे की नाही याबद्दल तो काहीच बोलत नाही. आणि ती तीन रीडिंग कशी घेता? एकाच क्युव्हेटमधून (मशीनमध्ये ठेवायच्या छोट्या पारदर्शक नळीतून) तीनदा घेत असाल तर तो फक्त मशीनचा स्थिरपणा झाला. सॅम्पलचे वेगवेगळे भाग घेऊन प्रत्येकात रीएजंट (रंग आणणारं रसायन) वेगळं घालून पहिल्यापासून केलं तर ते खरे रेप्लिकेट.

आता सरासरी काढायच्या आधी हे करा. कर्व्हच्या स्टॉकपेक्षा (मूळ द्रावणापेक्षा) वेगळ्या स्टॉकमधून एक कंट्रोल स्टँडर्ड (फॉस्फेट किती ते माहीत असलेलं द्रावण) बनवा आणि रोज सॅम्पलसोबत लावा. कंट्रोल जागच्या जागी राहिला आणि सॅम्पलच खाली आलं तर मेथड ठीक आहे, बाटलीतलं पाणी बदलतंय. (फिल्टर न केलेल्या पाण्यात शेवाळ, बॅक्टेरिया रात्रभर फॉस्फेट खात बसतात, म्हणून घेतल्या घेतल्या ०.४५ मायक्रॉनमधून गाळून थंड ठेवायचं आणि लवकरात लवकर मोजायचं.) कंट्रोलही हलला तर मग रीएजंट, वेळ, मशीन यांच्याकडे वळा. कंट्रोलचे आकडे तारखेनुसार ग्राफवर टाकत जा. असा ग्राफ म्हणजेच कंट्रोल चार्ट, इंजिनिअर शूहार्टने १९२४ मध्ये तो कारखान्यातल्या मालासाठी काढला होता, पण लॅबमध्ये तो तितकाच कामाचा आहे, ड्रिफ्ट (आकड्यांचं हळूहळू सरकणं) डोळ्याला लगेच दिसतो.

गाळणी:
+१. भांडी कशाने धुता? फॉस्फेटवाला डिटर्जंट असेल तर ब्लँकच (फॉस्फेट न घातलेलं पाणी) बिघडतो, ॲसिड वॉश करा. रंग आल्यावर किती मिनिटांनी रीडिंग घेता तेही ठरवून टाका, साधारण १० ते ३० मिनिटांच्या आत, आणि रोज तेवढ्याच वेळाने. शिवाय स्पाइक रिकव्हरी हवीच, म्हणजे सॅम्पलमध्ये माहीत असलेलं फॉस्फेट घालायचं आणि तेवढी वाढ दिसते का बघायचं. स्टँडर्ड डिस्टिल्ड पाण्यात असतात, सॅम्पलमध्ये गढूळपणा, इतर आयन असं काय काय असतं. पण रिकव्हरी १०० टक्के आली म्हणून निर्धास्त होऊ नका, आर्सेनेटही याच मेथडमध्ये निळा रंग देतं आणि ते रिकव्हरीत पकडलं जात नाही.

रानवारा:
एकाच क्युव्हेटमधून घेत होते, आजपासून बदलते. अजून एक, आमच्याकडे फोटोमीटर किट पण आहे, त्याचं आणि स्पेक्ट्रोचं (लॅबमधल्या मशीनचं) कोरिलेशन, म्हणजे दोन्हींचे आकडे किती सोबत वाढतात-घटतात ते, ०.९७ आलंय. मग फील्डवर किट चालेल ना?

तराजू:
कोरिलेशनवरून ते ठरत नाही. किटने प्रत्येक आकडा बरोबर दुप्पट दाखवला तरी कोरिलेशन १ च येईल. संख्याशास्त्रज्ञ ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. प्रत्येक सॅम्पलसाठी दोन्ही मेथडमधला फरक काढा, तो दोघांच्या सरासरीसमोर प्लॉट करा. सरासरी फरक म्हणजे बायस, त्याच्या दोन्ही बाजूंना १.९६ एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) म्हणजे फरक साधारण किती पसरतो ते. एवढा फरक तुमच्या प्रश्नाला चालतो की नाही हे प्लॉट बघायच्या आधी लिहून ठेवा, नंतर मन आपोआप सोयीचं उत्तर शोधतं.

आणि बायस, म्हणजे एकाच दिशेची चूक, सरासरीने जात नाही हो. भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा चार्ज फार काळजीपूर्वक मोजला होता, तरी हवेच्या व्हिस्कॉसिटीचा आकडा किंचित कमी धरल्यामुळे उत्तर सुमारे ०.६ टक्के कमी आलं. कितीही थेंब मोजले असते तरी ते तसंच राहिलं असतं. म्हणून जमलं तर एखादं सर्टिफाइड रेफरन्स मटेरियल (ज्यातलं प्रमाण आधीच तपासून प्रमाणित केलेलं असतं) लावा, आणि सॅम्पलवर कोड नंबर टाकून मोजणाऱ्याला कुठलं कुठून आलंय ते कळू देऊ नका.

आधी कंट्रोलचे काही दिवसांचे आकडे येऊ देत, ते इथे टाका, मग किटचं बघू.