शब्दचर्चा: ‘माया’ शिवणीतली की अंगावरची?

सुईदोरा, लातूर
शिवणवर्गासाठी कुर्तीच्या कागदी पॅटर्नवरच्या सूचना मराठीत आणतेय. पॅटर्नवर दोन वेगळ्या जागा आहेत. कापायची रेघ आणि शिलाईची रेघ यांच्यात 1.5 सेमी, ही पहिली. दुसरी म्हणजे अंगाच्या आणि तयार कपड्याच्या मापातला फरक : छाती 92, कुर्ती 102. पहिलीला मी ‘माया’ लिहिलं. तपासणाऱ्या बाई म्हणतात, माया म्हणजे सैलपणा, तो शब्द दुसरीला द्या. कोणतं बरोबर?

खडूकात्री, परभणी
तुमचंच बरोबर, ताई. माया शिवणीच्या आत राहते, उसवली की बाहेर येते. 102 मधले वरचे 10 सेमी उसवून हाती येणारे नाहीत, ते श्वास घ्यायला आणि हात उचलायला आहेत. त्याला ‘ढिलाई’ लिहा, टेलरही ‘लूज किती ठेवू’ असंच विचारतात. हे दोन शब्द एक झाले तर कुर्ती बिघडलीच म्हणून समजा. कुशीच्या शिवणी दोन, कडा चार. पॅटर्नमध्ये माया धरलेली नसताना रेघेवरच कापलं आणि 1.5 सेमी आत शिवलं, तर घेरातून 6 सेमी जातात. दहातले चार उरतात. न ताणणाऱ्या सुती कापडात मुंढा (बाही जोडायची जागा) काचतो आणि छातीवर आडव्या चुण्या पडतात. प्रिन्सेस कट, म्हणजे छातीवरून खाली उतरणाऱ्या उभ्या शिवणी, असेल तर पुढे दोन, मागे दोन शिवणी वाढतात, म्हणजे आणखी 12 सेमी.

शुद्धलेखणी
‘माया’ला ममता, धन, भ्रम असे आधीच इतके अर्थ आहेत. तांत्रिक मजकुरात एका शब्दाचा एकच अर्थ हवा. ‘शिवणावकाश’ घ्या, ऐकताक्षणी कळतो.

खडूकात्री, परभणी
कुणाला कळतो? दुकानात कापड टाकताना बाई म्हणते, ‘पोरगी वाढायलीय, माया जास्त ठेवा.’ तिथं ममता की कापड, हा गोंधळ कुणाचाच होत नाही. चालता शब्द असताना नवा घडवायचा कशाला?

काठपदर, नांदेड
माया जमवणे म्हणजे पैसा साठवणे. कपड्यातली मायाही पुढच्यासाठी साठवलेलं कापडच आहे. माझ्या मते शब्द तिथूनच आला.

उरेबपट्टी, बीड
ती माया टेलरची, पॅटर्नची वेगळी. आपल्याकडे कुशीला इंच-दीड इंच सोडतात, मुंढ्याला अर्धा, गळ्याला पाव आणि खाली दुमडायला दीड-दोन. म्हणजे जिथं पुढं वाढवायचं तिथं जास्त आणि वळणावर कमी, कारण गळ्याला जाड माया राहिली तर काप देऊनही पलटत नाही. छापील पॅटर्नमध्ये बहुतेक सगळीकडे सारखी असते. सिम्प्लिसिटी, बटरिक या कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये 5/8 इंच धरलेली असते. बर्डा मासिकातल्या नमुन्यात धरलेलीच नसते, तिथं आकार ट्रेस करून माया आपण जोडायची. म्हणून नुसतं ‘माया 1.5 सेमी’ लिहून भागणार नाही. ‘माया धरून’ की ‘माया सोडून’ हे प्रत्येक तुकड्यावर लिहा.

सुईदोरा, लातूर
हे फार उपयोगी आहे. मग ‘पॅटर्न’ला काय लिहू? फर्मा, खाका, नमुना?

काठपदर, नांदेड
खाका! फारसीतल्या ‘खाक’वरून, म्हणजे धूळ. रेघेवर भोकं पाडून त्यावर भुकटी थोपटायची आणि खालच्या पृष्ठावर आकार उठवायचा. खाकी रंगही त्याच धुळीचा. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. अस्तर, दर्जी हे शब्द इथं आपलेच आहेत, खाका परका कसा?

शुद्धलेखणी
सगळं फारसीतून कशाला आणता? मराठीत ‘बेतणे’ आहे. मापानं आखून कापड कापणे याला दुसरा नेमका शब्द नाही. ‘बेत’ आखणं, ‘बेताचं’ असणं ही सगळी मापाची भाषा आहे.

काठपदर, नांदेड
हिंदीत ‘ब्योंतना’ आहे, अर्थ तोच. एकट्या मराठीचा दावा नको.

उरेबपट्टी, बीड
बेतणे हे काम झालं. ताई कागदाचं नाव विचारतायत. फर्मा म्हटलं की जाड पुठ्ठ्याचा, एकाच मापाचा आणि पुन्हा पुन्हा वापरायचा. एका कागदावर पाच मापांच्या रेघा असतील तर तो फर्मा नव्हे. ‘पॅटर्न’च ठेवा. घरी छापणार असाल तर तपासणीचा चौकोन पट्टीनं मोजायला सांगा. 10 सेमीचा चौकोन 9.7 निघाला तर 102 ची कुर्ती 99 वर येते. छपाई 100 टक्क्यांवरच हवी.

शुद्धलेखणी
‘बेतकागद’ म्हणा. मी हा मुद्दा सोडणार नाही.

खडूकात्री, परभणी
कागदाचं नाव काहीही ठेवा, पण तुकड्यावरचा बाण विसरू नका. बाण उभ्या धाग्यावर हवा, म्हणजे कापडाच्या किनारीला समांतर. बाणाच्या दोन्ही टोकांपासून किनारीपर्यंत मोजायचं आणि दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. अंदाजानं ठेवलं तर तुकडा थोडा उरेबात, म्हणजे तिरक्या धाग्यात जातो आणि दोन धुण्यांत कुर्तीची कूस पुढं फिरते. सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतायचं.

काठपदर, नांदेड
‘बेतायचं’ म्हणालात, बघा.

सुईदोरा, लातूर
माया आणि ढिलाई पक्कं केलं. एक राहिलं : बाहीवर आणि मुंढ्यावर जुळवायच्या छोट्या खुणा असतात, पुढच्या बाजूला एक आणि मागच्या बाजूला दोन. ‘काप’ लिहिलं तर चालेल?

उरेबपट्टी, बीड
नको. ‘काप’ वाचून पोरी कात्री मारतात. 1.5 सेमी मायेत काप 3-4 मिमीपुढं गेला आणि नंतर कपडा सैल करायला शिवण कडेला सरकवली, तर तो काप थेट शिवणीवर येतो आणि मुंढा तिथंच फाटतो. ‘जुळणी-खूण’ लिहा, आणि खडूनंच करा.

खडूकात्री, परभणी
खडू काळ्या कापडावर दिसतो, पांढऱ्यावर नाही. तिथं कच्च्या दोऱ्याचा टाका घाला. पण शब्द ‘काप’च राहू द्या, सगळे तेच म्हणतात.

शुद्धलेखणी
सगळे म्हणतात म्हणून बरोबर होत नाही.