डीटीपीचा जुना पीसी: २५ हजारांत कुठला प्रोसेसर, कुठला बोर्ड?

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी. अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं काम चालतं, तिथल्या मशीनसाठी सल्ला हवा आहे.

सध्याचा संच: आय५-४४६०, एच८१ बोर्ड (रॅमचे दोनच स्लॉट), डीडीआर३ ८ जीबी, २४० जीबी साटा एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, लोकल ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). वेगळं ग्राफिक कार्ड नाही. मॉनिटर दोन, एक एचडीएमआयचा आणि एक जुना, ज्याला फक्त व्हीजीए आहे. विंडोज १०, ६४ बिट.

काम कोरलड्रॉ, फोटोशॉप आणि इनडिझाइनचं. लग्नपत्रिका, पुस्तकांची पानं, अधूनमधून १० बाय २० फुटी फ्लेक्स. गेम अजिबात नाहीत. मराठी फाँटचं सॉफ्टवेअर जुनं आहे, यूएसबी डोंगलवर (लायसन्सची किल्ली) चालतं. सगळी जुनी कामं त्यातच असल्यामुळे ते बंद पडून चालणार नाही.

प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम मिळून बजेट २५ हजार, फार तर २८. टिळक रोडवरून तीन कोटेशनं आली आहेत:
राइझन ५ ५६०० + बी४५० + डीडीआर४ १६ जीबी
आय५-१२४००एफ + एच६१० + डीडीआर४ १६ जीबी
राइझन ५ ८५००जी + ए६२० + डीडीआर५ १६ जीबी

तिसरं महाग आहे, पण दुकानदार म्हणतात पुढची बरीच वर्षं बघायला नको. कुठलं घ्यावं? एसएमपीएस तोच चालेल का? विंडोज नव्याने टाकावं लागेल का?

चारकोर

पैसे द्यायच्या आधी एक बघा. तुमच्याकडे ग्राफिक कार्ड नाही, आणि पहिल्या दोन कोटेशनांतल्या एकाही प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर आतला डिस्प्ले बंद असतो. एएमडीच्या ५००० मालिकेत 'जी' किंवा 'जीटी' असेल तरच डिस्प्ले मिळतो, साध्या ५६०० मध्ये नाही. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं तोंड असतं, पण ते प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच चालतं. घरी नेऊन जोडलंत तर पंखा फिरेल आणि मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणेल. मग वर एक कार्ड घ्या, असं ऐकावं लागेल.

आता निवड. तुमचं काम बहुतांशी एकाच कोरवर चालतं. कोरलमध्ये मोठी फाइल सरकवणं, इनडिझाइनमध्ये मजकूर पुढच्या पानांवर वाहणं, फोटोशॉपचा ब्रश, यात सहा कोर असून फारसा उपयोग नाही. एक कोर किती वेगात पळतो ते बघायचं. आय३-१२१०० चा एक कोर ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आय५-१२४०० चा ४.४ पर्यंत. पिढी तीच, कोरही त्याच जातीचे, फक्त चार विरुद्ध सहा. रोजच्या कामात हा फरक हाताला जाणवणार नाही. म्हणून माझं मत आय३-१२१०० (एफ नसलेला), एच६१० डीडीआर४ बोर्ड, आणि वाचलेले पैसे रॅममध्ये.

रॅमवर जोर का, ते तुमच्या फ्लेक्सवरच मोजून बघू. १० बाय २० फूट म्हणजे १२० बाय २४० इंच. ७२ डीपीआयला ८६४० गुणिले १७२८० पिक्सेल, म्हणजे जवळपास १५ कोटी. सीएमवायकेमध्ये दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर एकच सपाट लेयर सुमारे ६०० एमबी. वर पूर्ण मापाचे दोन-तीन लेयर आणि थोडी हिस्टरी आली, की ८ जीबी संपलीच. मग फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेवर, जातं. तुमची स्क्रॅच १ टीबी हार्ड डिस्कवर असेल तर मशीन गोठल्यासारखं वाटतं आणि दोष प्रोसेसरला लागतो. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ती आजच एसएसडीवर घ्या, त्याला खर्च नाही.

लालबिल्ला

'एफ'बद्दल सहमत. पण एएमडी लगेच बाद करू नका. ५६००जी आणि बी५५० घेतलं तर सहा कोर मिळतात, आणि आतलं ग्राफिक्स इंटेलच्या यूएचडी ७३० पेक्षा बरंच ताकदवान आहे. बी५५० वर चार रॅम स्लॉटवाले बोर्ड सहज मिळतात. एच६१० वर मात्र दोनच्या वर नाहीत, आणि हीच अडचण त्यांना आज एच८१ वर आहे.

८५००जी चांगला प्रोसेसर आहे. तो ज्यात बसतो ते एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू, असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. म्हणजे दुकानदार काही खोटं सांगत नाहीत.

चारकोर

स्लॉटचा मुद्दा बरोबर आहे. ५६००जी वाईट नाही, आतलं ग्राफिक्स खरंच जास्त आहे, पण ते गेम आणि थ्रीडीत दिसतं. पानं लावायला यूएचडी ७३० पुरतं. ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) ५६०० च्या निम्मी, १६ एमबी आहे, आणि एका कोरच्या वेगात बारावी पिढी पुढे आहे. शिवाय ५६००जी पीसीआयई ३ (कार्ड आणि एसएसडी जोडणाऱ्या मार्गाची जुनी आवृत्ती) वरच चालतो. म्हणजे बी५५० साठी जादा पैसे ज्या पीसीआयई ४ साठी मोजतात, ते या प्रोसेसरबरोबर मिळतच नाही. एएमडीच घ्यायचं असेल तर बोर्डावर कमी खर्च करा. फक्त बी४५० चा पडून राहिलेला जुना माल असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलेलं आहे ना, ते दुकानातच चालू करून बघा. जुन्या बायोसवर ५००० मालिका उठत नाही.

एएम५ चं म्हणाल, तर सॉकेट पुढे चालणार याचा फायदा मध्येच प्रोसेसर बदलणाऱ्याला. आय५-४४६० २०१४ चा आहे. इतक्या वर्षांत त्या एच८१ वर दुसरा प्रोसेसर बसला नाही. ज्या दुकानात मशीन बंद पडेपर्यंत वापरतात, तिथे त्या वचनाचे पैसे आत्ता भरण्यात अर्थ नाही. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जे भडकले आहेत, त्यात डीडीआर५ ची सक्ती बजेट खाऊन टाकते. डीडीआर४ ही महागली आहेच, म्हणून बोर्ड आणि रॅमचं कोटेशन एकाच दिवशी घ्या. आठवड्यापूर्वीचा रॅमचा भाव धरून बोर्ड ठरवू नका.

एच६१० घेताना पाहायच्या गोष्टी. बोर्ड डीडीआर४ चाच आहे ना, कारण त्याच चिपसेटवर डीडीआर५ चेही बोर्ड येतात आणि नावात एखाद्या अक्षराचाच फरक असतो. मागे एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही हवेत, तुमचा जुना मॉनिटर त्यावरच चालेल. एम.२ स्लॉट असावा. एच६१० वर तो पीसीआयई ३ चाच असतो, तुमच्या कामाला भरपूर झाला, पण काही स्वस्त बोर्डांवर चारऐवजी दोनच लेन असतात, तेवढं स्पेसिफिकेशनमध्ये वाचा. रॅम ३२०० ची घ्या. ३६०० ची घेतलीत तरी या बोर्डावर ३२०० च्या वर जाणार नाही.

आणि स्लॉट दोनच असल्यामुळे ८ च्या दोन पट्ट्या घेऊ नका. १६ ची एक घ्या, दुसरी १६ सवडीने. तोवर ग्राफिक्सला एकाच चॅनेलवर भागवावं लागेल, पण ८ च्या दोन घेतल्यात तर पुढच्या वेळी दोन्ही काढून टाकाव्या लागतील.

सोल्डरगन

एसएमपीएसचं कुणीच बोललं नाही. डब्यावर ४५० लिहिलेलं असतं, त्याला फारसा अर्थ नाही. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. १६ अँपिअर असेल तर १९२ वॅट, प्रोसेसरला मिळणारी खरी ताकद त्यातूनच येते. १२१०० टर्बोत (पूर्ण वेगात) ८९ वॅटपर्यंत जातो, १२४०० ११७ पर्यंत. नवा असताना तो एसएमपीएस हे पेलतो. जुन्याचे कपॅसिटर फुगलेले असतात, आणि मग मोठी फाइल एक्स्पोर्ट करतानाच मशीन रीस्टार्ट होतं. लोक रॅम बदलत बसतात.

लोकल एसएमपीएसला प्रोसेसरसाठी बहुधा ४ पिनचीच वायर असते आणि बोर्डावर ८ पिनचं सॉकेट. ४ पिन अर्ध्यात बसते, १२१०० चालतोही, पण नव्या बोर्डावर अशी कसरत करू नका. नामांकित कंपनीचा ४५० वॅटचा, ४+४ पिनवाला घ्या, २५ हजारांतून आधी तो बाजूला काढा. ग्राफिक कार्डची ६+२ पिनची वायरही ८ पिनची दिसते, ती प्रोसेसरच्या सॉकेटात दाबून बसवू नका. तिची धन-ऋण बाजू उलटी असते.

बसवताना दोन जागी हमखास चूक होते.

स्वस्त एच६१० बोर्ड रुंदीला कमी असतात, तिसऱ्या रांगेची भोकंच नसतात. जुन्या कॅबिनेटमध्ये मात्र तिथे पितळी स्टँडऑफ लावलेले असतात. ते काढले नाहीत तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतं. आधी बोर्ड नुसता वर धरून बघा, ज्या स्टँडऑफवर भोक येत नाही तो काढा.

दुसरं, इंटेलच्या डब्यातल्या कूलरच्या चार खुंट्या. टोपीवरचा बाण बघून चारही खुंट्या मूळ स्थितीत फिरवून घ्या, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबा, 'टक' वाजेपर्यंत. नंतर बोर्ड उलटा करून बघा: प्रत्येक भोकात पांढरे पाय फाकलेले आणि मधून काळा दांडा आरपार आलेला दिसला पाहिजे. एक जरी अर्धवट राहिला तरी कूलर एका बाजूने उचललेला राहतो आणि प्रोसेसर तापून वेग कमी करतो. एप्रिल-मेच्या उन्हात, पोटमाळ्यावरच्या दुकानात, हे लगेच कळतं. म्हणून कूलर बोर्ड कॅबिनेटबाहेर असतानाच लावा.

१२वी पिढी एच६१० च्या पहिल्या बायोसवरही उठते, त्यामुळे अपडेटची घाई नाही. तरी करायचंच झालं तर यूपीएसवर करा, आणि गुरुवारी नको. त्या दिवशी महावितरणच्या दुरुस्तीसाठी लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

खिडकीवाला

विंडोजचं सांगतो. १२१०० आतल्या ग्राफिक्सवर चालवताना जुनी लेगसी बूट पद्धत मिळत नाही, फक्त नवी, यूईएफआय. तुमची एसएसडी एमबीआर (जुन्या पद्धतीने विभागलेली) असेल तर नव्या बोर्डावर ती बूट होणारच नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स: तिथे पार्टिशन स्टाइल लिहिलेली असते. विंडोज १० मध्येच एमबीआरचं जीपीटी (नवी पद्धत) करणारं साधन आहे, डेटा न जाता होतं, पण डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर नकार देतं. हार्डवेअर इतकं बदलताना मी तरी विंडोज नव्यानेच टाका म्हणेन, आणि तेही नव्या एसएसडीवर. जुनी तशीच कपाटात राहू द्या.

जुना बोर्ड काढण्याआधी कोरलचं लायसन्स डीअॅक्टिव्हेट करा आणि अॅडोबीतून साइन आउट करा. बोर्ड बदलला की सॉफ्टवेअरला ते दुसरंच मशीन वाटतं. ओईएम (मशीनबरोबर आलेलं) विंडोज असेल तर ते जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं, नवी की लागेल.

आता डोंगल. ही खरी जोखीम आहे, आणि काहीही विकत घेण्याआधी तपासता येते. कुणाचाही विंडोज ११ चा लॅपटॉप घ्या, त्यात फाँटचं सॉफ्टवेअर आणि डोंगलचा ड्रायव्हर टाकून बघा. जुने ड्रायव्हर अडतात ते बहुतेक मेमरी इंटिग्रिटी या सुरक्षेच्या सेटिंगमुळे (विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन). ती बंद केल्यावर चाललं तर कारण कळलं, पण बंद ठेवण्याआधी कंपनीकडे नवा ड्रायव्हर मागा. अजिबातच चाललं नाही तर १२१०० वर विंडोज १० ही टाकता येतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला असल्याने त्या मशीनवर इंटरनेट आणि ईमेल ठेवू नका.

अक्षरजुळणी

सर्वांचे मनापासून आभार. पहिली दोन कोटेशनं रद्द केली. डोंगल लॅपटॉपवर तपासला, मेमरी इंटिग्रिटी बंद केल्यावर चालतोय, नव्या ड्रायव्हरसाठी कंपनीला लिहिलं आहे. दोन शंका. दुकानदार म्हणतात १२१०० नाही, १४१०० आहे, थोडा महाग. घेऊ का? आणि 'ट्रे'मधला, म्हणजे डब्याशिवाय सुटा, प्रोसेसर स्वस्त देतो म्हणतात.

चारकोर

१४१०० म्हणजे तेच चार कोर, वेग ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत. फरक थोडाच असेल तर घ्या. १३व्या-१४व्या पिढीच्या अस्थिरतेची २०२४ मधली भानगड वरच्या ताकदीच्या प्रोसेसरांची होती, १४१०० त्यात नाही. फक्त एच६१० चं बायोस १४वी पिढी ओळखणारं हवं. डब्यावर तसा स्टिकर असतो, नसेल तर दुकानात चालू करून दाखवायला सांगा. आणि १४१००एफ हातात ठेवत नाहीत ना, तेवढं डब्यावर वाचा.

ट्रेमधला नको. त्यात कूलर येत नाही आणि वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर राहते.

सोल्डरगन

जीएसटी बिलावर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्हींचे सीरियल नंबर लिहून घ्या. या सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, त्यामुळे दुकानातच काळी टोपी उचलून मोबाइलच्या टॉर्चने तिरप्या उजेडात बघा. सगळ्या पिना एका रेषेत चमकल्या पाहिजेत, एखादी वाकडी असेल तर तिथला ठिपका वेगळा दिसतो. घरी गेल्यावर वाकडी सापडली तर बोर्ड बदलून मिळत नाही. आणि ती टोपी फेकू नका, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ती लावलेली नसेल तर परत करतात.