सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, हे डॉक्टरांना ठाऊक नसावे?

रानजाई:
माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या असून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्रित गोळी रोज घेतात. गेल्या आठवड्यात त्यांना ताप आला, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीनदा लिहून दिले. नाक चोंदल्याचे सांगितल्यावर "मेडिकलमधून सर्दीची कोणतीही साधी गोळी आणा, तीनदा द्या" आणि अंगदुखीसाठी "आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉल सकाळ-संध्याकाळ चालेल" असे ते सहज बोलून गेले. घरी चष्मा लावून पट्ट्यांवरची बारीक अक्षरे वाचली, तर सर्दीच्या गोळीत ५०० आणि अंगदुखीच्या गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल निघाले. म्हणजे दिवसाला एकूण ४१०० मिलिग्रॅम. फोन केला, तर "सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल नसते" असे ठाम उत्तर मिळाले. वीस वर्षे ज्यांच्यावर विसंबलो, त्यांच्या ज्ञानाविषयी शंका घेणे योग्य आहे का?

गल्ल्यामागून:
ताई, मी औषधविक्रेता आहे. आपली बेरीज बरोबर आहे. धडधाकट प्रौढासाठी २४ तासांत ४००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात. वृद्ध, कृश किंवा नियमित मद्यपान करणाऱ्यांसाठी ती त्याहून कमी धरलेली बरी, कारण इजा यकृताला होते. मला मात्र अधिक काळजी आयबुप्रोफेनची वाटते. टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइडसारखे लघवी वाढवणारे औषध आणि असे वेदनाशामक एकत्र आले, की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटून त्याचे काम अचानक मंदावू शकते, आणि तापात पाणी कमी पिणाऱ्या वृद्धांना हा धोका विशेष असतो. शिवाय सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन असते, ज्याने रक्तदाब वाढू शकतो. तूर्त या दोन्ही गोळ्या थांबवून आजच डॉक्टरांना विचारा.

गावचा_डॉक्टर:
आमच्या व्यवसायाची उणीव कबूल करतो. आम्ही औषधे शिकतो ती मूळ द्रव्यांच्या नावाने. पुढे दवाखान्यात एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, येऊन सांगतात ती आम्ही लिहायची औषधे, आणि लोक दुकानातून परस्पर नेतात त्या गोळ्यांत काय आहे हे आम्हाला कोणी सांगत नाही. त्यातच एकाच नावापुढे 'कोल्ड' किंवा 'प्लस' लावले की आतला मसाला बदलतो. तरीही न पाहता "नसते" म्हणणे ही चूकच. "पट्टी वाचून दाखवा" एवढे फोनवर म्हणता आले असते. शंका जरूर घ्या, पण पट्ट्या त्यांच्यासमोर ठेवून घ्या.

रानजाई:
आज तिन्ही पट्ट्या आणि रक्तदाबाची गोळी घेऊन गेले होते. डॉक्टरांनी सर्दीच्या गोळीची पट्टी उजेडाकडे धरून दोनदा वाचली आणि "हे यात कधीपासून घालतात?" एवढेच विचारले. मग दोन्ही गोळ्यांवर काट मारून नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी क्रिएटिनिनची तपासणी लिहिली. उद्या सकाळी रक्त द्यायचे आहे.