सीसेट मल्टिपल सब्जेक्ट्स: तिन्ही भाग एकदम की सुटे?

खडूपेटी: कॅलिफोर्नियात प्राथमिकला शिकवायचं लायसन्स हवंय, त्यासाठी सीसेट मल्टिपल सब्जेक्ट्स ही विषयज्ञानाची परीक्षा द्यायचीय. पदवी पुण्याची, बी.एस्सी. तिन्ही भाग एकाच बैठकीत उरकावेत का? सीबेस्टही (वाचन, लेखन, गणिताची मूलभूत परीक्षा) द्यावी लागेल?

पाढेपाठ: सुटेच द्या. पहिला (भाषा, इतिहास) आणि दुसरा (विज्ञान, गणित) सुटे दिले तर प्रत्येकी 3 तास, तिसरा (शारीरिक शिक्षण, बालविकास, कला) सव्वादोन. बेरीज सव्वाआठ तास. एकदम बसलात तर सगळ्याला मिळून 5. पेपर तेच, सव्वातीन तास कमी. त्यात पहिल्या दोन भागांत बहुपर्यायी 52 आणि लेखी 4 प्रश्न असतात. घाई झाली की लेखीच आधी मार खातात.

सीबेस्टचं म्हणाल तर जून 2024 अखेरपासून पदवी असली की ती अट पूर्ण होते. पण परदेशी पदवीचं मूल्यांकन राज्याच्या क्रेडेन्शियल आयोगाने मान्य केलेल्या संस्थेकडूनच हवं. पुण्याहून ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाचं अधिकृत गुणपत्रक) मागवायचं काम आजच सुरू करा.

रेघोटी: पासाला प्रत्येक भागात 220 लागतात (मोजपट्टी 100 ते 300). एका भागातले विषय एकमेकांना सांभाळून घेतात: भाषा चांगली गेली तर इतिहासाची तूट भरून निघते. एका भागातले जास्तीचे गुण मात्र वेगळ्या भागाकडे वळवता येत नाहीत.

आपल्याकडे शिकलेल्यांनी आधी दुसरा भाग द्यावा. पहिल्याला वेळ ठेवा. त्यात जग आणि अमेरिकेबरोबर कॅलिफोर्नियाचाही इतिहास येतो: मिशन (स्पॅनिश धर्मप्रसारकांची ठाणी), गोल्ड रश (सोन्यासाठी उडालेली झुंबड), सगळं.

भाषेत ध्वनी मोजायला सांगतात, तिथे देवनागरीची सवय नडते. 'शिप' म्हटलं की आपण शि-प अशी दोन अक्षरं मोजतो. ध्वनी तीन आहेत: श्, इ, प्. 'बॉक्स'मध्ये इंग्रजी अक्षरं तीन, ध्वनी चार: ब्, ऑ, क्, स्. इथे मात्र देवनागरीच कामाला येते, एक्समधले क् आणि स् सुटे दिसतात.

खडूपेटी: एक भाग राहिला तर?

पाढेपाठ: तेवढाच परत. निकालपत्रावर विषयवार खुणा असतात, बहुपर्यायी आणि लेखी वेगळ्या. लेखीत कमी पडलं असेल तर पुस्तक पुन्हा वाचण्यात वेळ घालवू नका, घड्याळ लावून उत्तरं लिहा. प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या असतील तर दोन्ही आल्या पाहिजेत. छान भाषेतलं अर्धं उत्तर अर्धंच धरतात.