ऑरलँडो: थीम पार्कच्या हॉटेलचे जादा पैसे वसूल होतात का?

टॅम्पाकर:
परवा कुणीतरी ठासून लिहिलं होतं: "डिस्नी-युनिव्हर्सलच्या हॉटेलात राहणं म्हणजे पैसे पाण्यात. शेजारच्या किसिमी गावात नव्वद डॉलरला खोली मिळते, नाश्ता फुकट, शटल फुकट. अर्धा तास आधी आत सोडतात म्हणून दुप्पट भाडं कोण देईल?" खाली "अगदी बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग लागली. हा सल्ला वाचून दरवर्षी कितीतरी मराठी कुटुंबं फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

नव्वदची खोली नव्वदला पडत नाही. समजा त्यावर हॉटेलची रिसॉर्ट फी ३० डॉलर आहे. त्या १२० वर तिथल्या ओसिओला काउंटीचा १३.५ टक्के कर धरला की १३६ झाले. गाडीने गेलात तर डिस्नीच्या पार्किंगचे रोजचे समजा ३० डॉलर. बेरीज १६६. डिस्नीच्या पॉप सेंच्युरी हॉटेलात समजा २२० ची खोली आहे. तिथे १२.५ टक्के कर, म्हणजे २४७ आणि वर थोडे सुटे. रिसॉर्ट फी नाही, हॉटेलचं पार्किंग फुकट, पार्कचंही फुकट. म्हणजे फरक ऐंशी डॉलरचा. दीडपट म्हणा हवं तर, दुप्पट नाही.

आता "फुकट शटल". ती चार-पाच हॉटेलांत मिळून एक असते, सकाळी ठरलेल्या एक-दोन वेळांना निघते आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळीच परत आणते. त्यातही डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कला ती फाटकाशी जात नाहीच. ती सोडते टीटीसीला, म्हणजे तळ्याच्या अलीकडच्या वाहन-स्थानकाला. तिथे उतरा, तपासणीची रांग लावा, मग मोनोरेल नाहीतर फेरीबोट पकडा, तळं ओलांडा, तेव्हा कुठे फाटक येतं. टीटीसीपासून फाटकापर्यंत पाऊण तास धरूनच चालायचं. डिस्नीच्या हॉटेलची बस थेट फाटकाजवळ उतरवते. हा फरक कुठल्याही तक्त्यात दिसत नाही, पण रोज दोनदा भोगावा लागतो.

न्यूजर्सीकर:
हिशोब एका खोलीचा, म्हणजे चौघांचा धरलात म्हणून जमला. आपल्याकडे किती जण चौघंच जातात? आजी-आजोबा असतातच. पॉप सेंच्युरीच्या खोलीत चार माणसं आणि पाळण्यातलं बाळ, त्यापुढे नाही. सहा जणांना दोन खोल्या लागतात, म्हणजे रात्रीचे ४९५. दोन सोडून तिसरं मोठं माणूस एका खोलीत असेल तर त्याचा जादा आकार वेगळा. तेवढ्यात डिस्नीबाहेर डेव्हनपोर्ट गावात चार बेडरूमचं घर मिळतं, वर गॅस, कुकर आणि कपडे धुवायचं यंत्र.

आणि ज्याला तुम्ही फायदे म्हणता त्यांचं काय उरलंय? विमानतळावरून फुकट आणणारी मॅजिकल एक्सप्रेस २०२२ च्या सुरुवातीला बंद केली. रांग चुकवायचा फास्टपास सगळ्यांना फुकट होता. हॉटेलवाल्यांना ६० दिवस आधी घेता यायचा, बाकीच्यांना ३०. आता त्याच्या जागी लायटनिंग लेनचे माणशी पैसे मोजा आणि हॉटेलात राहिलात तर ते पैसे बाकीच्यांपेक्षा चार दिवस आधी भरा. याला सवलत म्हणायची का?

सकाळी_सात:
न्यूजर्सीकर, पैसे घेतात हे खरंय. पण तो "चार दिवस आधी" किरकोळ नाही. नियम नीट वाचा.

हॉटेलवाल्यांची बुकिंगची खिडकी चेक-इनच्या सात दिवस आधी, फ्लोरिडाच्या सकाळी सातला उघडते, आणि त्या एका वेळी अख्ख्या मुक्कामाचं बुकिंग करता येतं, चौदा दिवसांपर्यंत. बाहेरच्यांना प्रत्येक पार्कच्या दिवसाआधी फक्त तीन दिवस. म्हणजे पाच रात्रींचा मुक्काम असेल तर पाचव्या दिवसाची राईड तुम्ही अकरा दिवस आधी धरता. म्हणून सगळ्यात अवघड पार्क मुक्कामाच्या शेवटी ठेवायचं. हॉलीवूड स्टुडिओज पार्कातली स्लिंकी डॉग राईड पहिल्या दिवशी ठेवली तर इतर हॉटेलवाल्यांनी आधीच उचललेली असते. शेवटच्या दिवशी ठेवली तर मनासारखी वेळ मिळते. बाहेरचा माणूस गर्दीच्या आठवड्यात तीन दिवस आधी उघडून बघतो तेव्हा ती बहुतेक गेलेलीच असते.

इथे चुका कुठे होतात तेही सांगतो. सगळ्यांची तिकिटं डिस्नीच्या ॲपवरच्या एकाच माय डिस्नी एक्स्पिरियन्स खात्यात जोडलेली लागतात आणि हॉटेलचं आरक्षणही तिथेच दिसायला हवं. पुण्याहून येणाऱ्या आई-वडिलांची तिकिटं वेगळ्या ईमेलवर घेतलेली असतात आणि जोडायची राहतात. सातला सगळे स्क्रीनवर दिसतात, आजोबा दिसत नाहीत. ते शोधण्यात वीस मिनिटं गेली की स्लिंकी गेली. आदल्या रात्री यादीतली नावं मोजा. कार्डही आधीच साठवून ठेवा. भारतात बसून कुणी बुकिंग करणार असेल तर उन्हाळ्यात तिकडचे दुपारचे साडेचार, हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच.

न्यूजर्सीकर:
सात वाजता फोन घेऊन बसायचं, त्याचेही वर पैसे द्यायचे. ही सुट्टी आहे की तत्काळचं तिकीट?

हिशोबनीस:
डिस्नीवरच सगळे अडकलेत. हॉटेलचे जादा पैसे सरळ-सरळ सुटतात ते युनिव्हर्सलला. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत खोलीतल्या प्रत्येकाला अनलिमिटेड एक्सप्रेस, म्हणजे लांब रांग चुकवायचा पास मिळतो, चेक-इनच्या आणि चेक-आउटच्या दोन्ही दिवशी. एक रात्र, दोन दिवस. समजा खोली ५००, कर धरून ५६२. तोच एक्सप्रेस बाहेर विकत घेतला तर अगदी कमी गर्दीच्या दिवशी माणशी १३० धरा. चौघं, दोन दिवस: १०४०. गर्दीच्या दिवशी माणशी २०० च्या वर जातो. खोलीत न झोपताही पैसे सुटतात.

कसं करायचं: खोली चार वाजता मिळते म्हणून चारला जाऊ नका. सकाळी पार्क उघडायच्या तासभर आधी हॉटेलात पोचा, सामान बेल डेस्कला द्या, लॉबीतल्या यंत्रावर एक्सप्रेसची कार्डं काढा, प्रत्येकाचं वेगळं. रॉयल पॅसिफिकहून बोट आहे आणि पायवाटही. दुसऱ्या दिवशी अकराला खोली सोडा, एक्सप्रेस रात्रीपर्यंत चालतो.

फसगत होते ती तीन ठिकाणी. एक्सप्रेस म्हणजे प्रवेशाचं तिकीट नव्हे, ते वेगळं घ्यावंच लागतं. हॉटेलचं रात्रीचं पार्किंग फुकट नाही, डिस्नीसारखं समजू नका. आणि सगळ्यात मोठी चूक: २२ मे २०२५ ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या पार्कात हा एक्सप्रेस चालत नाही. एपिकला लागून असलेल्या हेलिओस ग्रँडमध्ये राहिलात तरी नाही. तिथे हॉटेलातून थेट पार्कात उतरता येतं, पण एक्सप्रेस खोलीबरोबर येत नाही. लोक नाव बघून महागडं बुकिंग करतात आणि काउंटरवर भांडतात. स्वस्तातल्या कबाना बे, सर्फसाइडलाही एक्सप्रेस नाही, फक्त लवकर प्रवेश.

न्यूजर्सीकर:
पोरांची उंची कुठे गेली तुमच्या हिशोबात? राईडना किमान उंची लागते: फॉरबिडन जर्नीला ४८ इंच, हॅग्रिडला ४८, व्हेलोसिकोस्टरला ५१, ग्रिनगॉट्सला ४२. चार वर्षांचं पोर चाळीस इंचाच्या आसपास असतं. त्याच्या नावावरही १०४० मधले २६० धरलेत. ते काय करणार एक्सप्रेसचं?

हिशोबनीस:
हा मुद्दा बरोबर आहे, मान्य. ४२ इंचांखालचं मूल असेल तर त्याच्यापाशी एक मोठं माणूसही थांबतं, म्हणजे माझा हिशोब अर्ध्यावर येतो. तरी ५२० आणि ५६२, म्हणजे खोली जवळपास फुकट पडलीच. मुलाची उंची घरी बूट घालून मोजा. तिथे काठीला अर्धा इंच कमी पडला तर कुणी ऐकत नाही.

माई_बोस्टन:
तुम्ही सगळे राईड मोजताय. आजी-आजोबांना घेऊन जाताना प्रश्न राईडचा नसतो, पायांचा असतो. डिस्नीच्या एपकॉट पार्कातल्या वर्ल्ड शोकेसची फेरीच सुमारे दोन किलोमीटर आहे. सत्तरीतल्या माणसाला दुपारी दीडला खोलीत जाऊन पाठ टेकता आली पाहिजे आणि सहाला परत येता आलं पाहिजे. डेव्हनपोर्टहून ते अशक्य आहे, जाण्या-येण्यातच दीड-दोन तास जातात. डिस्नीचं कंटेम्पररी हॉटेल ते मॅजिक किंगडम दहा मिनिटांची पायवाट आहे. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अॅनिमेशनहून स्कायलाइनर हा रोपवे एपकॉटच्या मागच्या फाटकाला जातो. त्यात व्हीलचेअर आणि बाबागाडी न मिटवता थेट आत ढकलता येते. बसमध्ये बाबागाडी मिटवावी लागते, झोपलेलं बाळ उचलावं लागतं. फक्त एक लक्षात ठेवा: विजा चमकायला लागल्या की स्कायलाइनर थांबतो, आणि उन्हाळ्यात दुपारी तीन-चारला फ्लोरिडात विजा ठरलेल्याच. परतायचं तर त्याआधी निघा.

ह्यूस्टन_७७:
आजी-आजोबांना व्हीलचेअरवर बसवा, अख्खं कुटुंब वेगळ्या दारातून आत जातं. सगळे करतात. एक्सप्रेसही नको न् हॉटेलही नको.

माई_बोस्टन:
हे लिहिताना थोडीतरी लाज वाटायला हवी होती. चालत्या माणसाला व्हीलचेअरवर बसवून रांग चुकवायची, आणि ज्याला खरंच गरज आहे त्याच्याकडे मग सगळे संशयाने बघतात. असल्या लोकांमुळेच नियम कडक झाले.

ह्यूस्टन_७७:
माई, उगाच संस्कारवर्ग नको. पासष्टीनंतर कुणाचे गुडघे धड असतात?

सकाळी_सात:
नैतिकता बाजूला ठेवा, हा सल्ला मुळात चुकीचा आहे. डिस्नीच्या बहुतेक राईडच्या रांगा व्हीलचेअर जाईल एवढ्या रुंद आहेत. व्हीलचेअरवाला त्याच रांगेतून सगळ्यांबरोबर जातो. जिथे रांग अरुंद आहे तिथे नंतर यायची वेळ लिहून देतात, ती रांगेएवढीच लांब असते. डीएएस (डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस) म्हणून जी वेगळी सोय आहे ती मे २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींसाठी आहे. ती आधी व्हिडिओ कॉलवर बोलून ठरते, गुडघेदुखीला मिळत नाही. आणि खोटी माहिती दिल्याचं आढळलं तर कायमची प्रवेशबंदी, तिकिटाचे पैसेही परत नाहीत, असं डिस्नीने स्पष्ट लिहून ठेवलंय. व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना अशा भानगडीत कोण टाकतं?

टॅम्पाकर:
सकाळी_सात यांना पूर्ण दुजोरा. गुडघे खरंच दुखत असतील तर व्हीलचेअर घ्याच, त्यात कमीपणा नाही. पार्कात रोजच्या भाड्याने मिळते. पण ती फाटकाच्या आतच घ्यायची आणि तिथेच सोडायची. पार्किंगपासून किंवा बसपासून फाटकापर्यंत ती नसते, आणि खरी दमछाक तिथेच होते. मुक्काम तीन दिवसांपेक्षा जास्त असेल तर बाहेरच्या पुरवठादाराकडून आठवड्यासाठी घ्या, दारापासून दारापर्यंत जवळ राहते.

ह्यूस्टन_७७:
बरं, रांगेचं मला माहीत नव्हतं. जुन्या काळचं ऐकलेलं होतं. पण सगळे मिळून तुटून पडायची गरज नव्हती.

माई_बोस्टन:
गरज होती. तुम्ही "सगळे करतात" असं लिहिलंत. सगळे करत नाहीत.

न्यूजर्सीकर:
व्हीलचेअर झाली असेल तर जेवणाकडे या. पार्कच्या हॉटेलात सहा दिवस राहणारे आपले शाकाहारी आजी-आजोबा काय खाणार? पॉप सेंच्युरीच्या खोलीत लहान फ्रिज आणि कॉफीचं यंत्र, बस. मायक्रोवेव्ह खाली फूड कोर्टात. तिसऱ्या दिवशी वरणभाताची आठवण येते ती काही स्लिंकी डॉगने भागत नाही.

सकाळी_सात:
सहा जणांनी पॉपच्या दोन खोल्या कशाला घ्यायच्या? आर्ट ऑफ अॅनिमेशनचा फॅमिली स्वीट सहा जणांचा आहे, दोन न्हाणीघरं, मायक्रोवेव्ह आतच. शेगडी नाही. शेगडी हवीच असेल तर डिस्नीच्याच फोर्ट वाइल्डरनेसची केबिन, सहा जण, स्वयंपाकघर, पुढे ओसरी. लवकर प्रवेश आणि सात दिवसांची खिडकी या दोन्हींना आहे. बाहेरचं खाणं पार्कात नेता येतं, काचेचं भांडं आणि गरम करावं लागेल असं काही नको. थेपले, दशम्या, चटणीची स्टीलची डबी खुशाल न्या.

न्यूजर्सीकर:
केबिनचं भाडं सांगा ना मग. डेव्हनपोर्टच्या घराच्या दुप्पट तर सहज.

सकाळी_सात:
सहज. नाकारत नाही.

टॅम्पाकर:
म्हणून सकाळी किती वाजता घर सोडणार, हे आधी ठरवा. डिस्नीचा अर्धा तास लवकर प्रवेश रोज सगळ्या पार्कात आहे, पण नऊला उघडणाऱ्या पार्कासाठी तुम्ही आठला तपासणीच्या पलीकडे उभे असाल तरच तो उपयोगी. मॅजिक किंगडममध्ये त्या वेळात फँटसीलँड आणि टुमॉरोलँडच चालू असतात. बाकीच्या भागांकडे धावलात तर दोरीपाशी थांबून वेळ घालवाल. साडेआठला पोचणारं कुटुंब असेल तर त्या अर्ध्या तासाची किंमत शून्य धरा. रात्रीचे जादा दोन तास तर फक्त डीलक्स हॉटेलांना, तेही ठरावीक दिवशी, मॅजिक किंगडम आणि एपकॉटलाच. आजी-आजोबा आणि चार वर्षांचं पोर असलेल्या सहा जणांत आठला फाटकाशी कोण असतं, हे प्रत्येकाने आपल्या घरचं बघावं.

न्यूजर्सीकर:
एवढं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी भांडलोच नसतो. सहा जणांना घर, एवढ्यावर मी ठाम आहे. पण युनिव्हर्सलचे दोन दिवस मधे टाकून तेवढी एक रात्र रॉयल पॅसिफिकला, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आजी-आजोबा त्या रात्री घरीच राहतील, म्हणजे खोलीत चौघंच आणि तिसऱ्या मोठ्या माणसाचा आकारही नाही.

हिशोबनीस:
पोर ४२ च्या वर असेल तर. आणि एपिकचा दिवस त्या दोन दिवसांत येऊ देऊ नका.