बर्मिंगहॅमहून ग्लास्टनबरीला ट्रेनने जायचंय, ब्रिस्टलवरून जाऊ की रीडिंगवरून?

मास्टर्सवाली
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात त्या ऑनलाइन रांगेचा सगळा तमाशा झाला आणि एकदाचं ग्लास्टनबरी म्युझिक फेस्टिव्हलचं (२०२५) तिकीट लागलं. ३७३.५० पाउंड आणि वर बुकिंग फी, त्यातलं डिपॉझिट भरलंय, बाकीचे एप्रिलमध्ये भरायचेत. आता जायचं कसं ते बघतेय. मी आणि रूममेट दोघीच आहोत, गाडी नाही, लायसन्सही नाही, त्यामुळे ट्रेनच. पण ॲपवर ग्लास्टनबरी टाकलं तर स्टेशनच दाखवत नाहीये, आणि कुणी म्हणतं ब्रिस्टलवरून जा कुणी म्हणतं रीडिंगवरून, वर तंबू, स्लीपिंग बॅगा, कपडे एवढं सगळं ओढत गाड्या बदलायच्या. २५ जून बुधवारी पोचायचंय, सोमवारी ३० ला परत. रिटर्न आत्ताच काढून टाकू का? (घरी अजून सांगितलं नाहीये की पाच रात्री शेतात झोपणार आहे, तो वेगळा धागा काढेन.)

रीडिंगकर
स्टेशन दाखवणार कसं, ते १९६६ मध्येच बंद झालंय. आणि तसंही फेस्टिव्हल त्या गावात नसतोच, काही मैलांवर पिल्टन म्हणून गाव आहे तिथल्या वर्दी फार्मवर असतो. तू कॅसल कॅरी टाक, स्टेशन ते. तिथे उतरलं की बाहेर शटल बस लागलेल्या असतात, फेस्टिव्हलचं तिकीट दाखवायचं आणि बसायचं, पैसे नाहीत. म्हणून तिकीट बॅगेच्या तळाशी ठेवू नको, फोटो आयडी पण हाताशी राहू दे.

रूटचं म्हणशील तर मी रीडिंगवाला असल्यामुळे पार्शियालिटी करणार हे धरून चाल :) पण खरंच सांगतो, बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून रीडिंगला थेट गाडी आहे, आणि रीडिंगला लंडनच्या पॅडिंग्टनहून येणारी ग्रेट वेस्टर्न कंपनीची लांब गाडी मिळते ती कॅसल कॅरीला सोडते. ब्रिस्टलवरून पण एकदाच बदलावी लागते, पण ती पुढची गाडी वेमथ लाइनची, छोटीशी, दिवसाला मोजक्याच, आणि त्या आठवड्यात त्यात निम्मं ब्रिस्टल पाठीवर तंबू घेऊन चढतं. ती चुकली की बसा फलाटावर. रीडिंगला गाड्याही जास्त आणि सामान ठेवायला जागाही.

चहाबाज
वरच्याशी सहमत, फक्त भाडं दोन्हीकडून चेक कर, रीडिंगवरून महाग पडू शकतं. ॲडव्हान्स तिकिटं साधारण १२ आठवडे आधी खुलतात म्हणजे तुमची एप्रिलच्या सुरुवातीला, तेव्हा रोज डोकावत जा. दोघींकडे १६-२५ रेलकार्ड आहे ना? नसेल तर आधी ते काढा, एक तृतीयांश सूट मिळते. वय २६ च्या पुढे असलं तरी फुल टाइम स्टुडंट असाल तर मिळतं, हे आपल्या बऱ्याच मुलांना माहीतच नसतं.

आणि रिटर्न! ॲडव्हान्स म्हणजे त्याच गाडीला बांधलेलं तिकीट. जाताना ठीक आहे, घरून निघायचं तुमच्या हातात असतं. सोमवारी सकाळी अख्खा फार्म एकदमच उठून निघतो, आधी शटलची रांग, मग स्टेशनाबाहेर रांग, आणि कॅसल कॅरी हे एवढंसं स्टेशन आहे, ११ ची गाडी धरली आणि साडेअकराला फलाटावर पोचलात तर ते तिकीट गेलं. त्यापेक्षा ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून चालणारं) रिटर्न बघा, परतीला बहुतेक वेळा महिनाभर चालतं, पैसे जास्त गेले तरी जाऊ देत. तिकिटावर रूट छापलेला असतो तो मात्र वाचून घ्या, जाताना रीडिंग आणि येताना ब्रिस्टल असं मनाने करता येईलच असं नाही.

निवांत_पाटील
कशाला एवढी डोकेफोड, कोच (लांब पल्ल्याची बस) घ्या की. थेट मैदानात सोडतो, मध्ये काही बदलायचं नाही.

रीडिंगकर
@निवांत_पाटील कोच वाईट नाही हो, पण बुधवारी पिल्टनकडच्या त्या अरुंद रस्त्यांवर अडकला की अडकला. अर्थात शटल पण त्याच रस्त्यांनी जाते म्हणा, पण अर्ध्या तासाच्या रस्त्यात अडकणं वेगळं आणि बर्मिंगहॅमपासून एकाच सीटवर बसून अडकणं वेगळं.

मास्टर्सवाली
धन्यवाद सगळ्यांना!! रीडिंग आणि ऑफ-पीक रिटर्न नक्की. अजून दोन शंका. सकाळी लवकर पोचावं की दुपारी? आणि ट्रेन कॅन्सल झाली तर काय, २०२२ ला ऐन फेस्टिव्हलच्या आठवड्यात संप होता असं वाचलं.

चहाबाज
हो, २१, २३ आणि २५ जून, लोकांनी ऐनवेळी कोच, लिफ्ट काय काय शोधलं. कॅन्सल झाली आणि तुम्ही गेलाच नाहीत तर पूर्ण रिफंड मिळतो, ॲडव्हान्स असलं तरी. नुसता उशीर झाला तर डिले रिपेचा (उशिराच्या भरपाईचा) फॉर्म भरा, ग्रेट वेस्टर्नवर १५ मिनिटांपासून मिळतो. पूर्ण प्रवासाचा उशीर धरतात, त्यामुळे पहिली गाडी लेट होऊन रीडिंगची चुकली तरी चालतं, फक्त मध्ये बदलायला दिलेला किमान वेळ ठेवलेला हवा. दोन वेगळी तिकिटं काढलीत तरी हेच.

वेळेचं म्हणाल तर गेट बुधवारी सकाळी ८ ला उघडतं. सकाळी रांग मोठी, दुपारी रांग कमी पण तंबूच्या चांगल्या जागा गेलेल्या. मी दुपार घेईन, सकाळची पीक भाड्याची गाडी पण टळते.

रीडिंगकर
आणि चाकाची सूटकेस आणू नका, पाऊस पडला की त्या चिखलात चाकं फिरत नाहीत, उचलूनच न्यावी लागते. पाठीवरची सॅक बरी. काच आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे लोणच्याची बरणी असेल तर घरीच प्लास्टिकच्या डब्यात काढा, गेटवर टाकून द्यायला लावतील. पाण्याची रिकामी बाटली ठेवा, आत नळ आहेत.