अनुभव धागा: कीबोर्डची कंपनी बदलली की हाताला किती त्रास?

कॅसिओ, यामाहा, कॉर्ग, कुठला अरेंजर (डाव्या हाताने कॉर्ड धरली की मागे ताल-बेसची साथ आपोआप देणारा कीबोर्ड) किती पटकन हातात बसला ते लिहा. आवाज कोणाचा भारी हा वाद नको, तो कधी संपत नाही. मी सुरू करतो. मी शिकलो कॅसिओवर, तिथे कॅसिओ कॉर्ड मोडमध्ये (एक-दोन बोटांत पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर) मायनर कॉर्ड पाहिजे तर मूळ पट्टी धरून उजवीकडची कुठलीही एक पट्टी दाबायची, झालं. मग यामाहाची पीएसआर घेतली, तिथे सिंगल फिंगर मोडला मायनर म्हणजे मूळ पट्टीसोबत डावीकडची काळी आणि सेव्हन्थ कॉर्ड म्हणजे डावीकडची पांढरी! डोक्याला कळतं हो, पण आरती सुरू झाली की बोट जातंय उजवीकडेच. शेवटी ते सगळं बंद केलं आणि सरळ तीन बोटांच्या कॉर्ड बसवल्या, आता कुठल्याही कीबोर्डवर बसवा.

---

ऑर्केस्ट्रात वाजवतो. यामाहाच्या एसएक्स ७०० वरून कॉर्ग पीए ७०० वर आलोय. यामाहाला ओटीएस लिंक (वन टच सेटिंग) लावली की स्टाईलचं, म्हणजे तयार साथीचं, व्हेरिएशन बदललं की उजव्या हाताचा आवाज पण आपोआप बदलतो, नवख्याला बरं पडतं. कॉर्गचा खरा खेळ साँगबुकमध्ये आहे, गाण्याच्या नावाखाली स्टाईल, टेम्पो, ट्रान्सपोज (गाण्याची पट्टी वर-खाली करणं) सगळं एकदाच भरून ठेवायचं, भरताना जाम कंटाळा येतो पण स्टेजवर गायक ऐनवेळी म्हणतो ना "दादा, आज काळी चार नको, काळी पाच घ्या", तेव्हा बाकी सगळं लागलेलं असतं, फक्त ट्रान्सपोज हलवायचं. आणि ऑक्टापॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ताल पॅड वाजवणारा) सोबत असेल तर स्टाईलमधले ड्रम-पर्कशन म्यूट करायला पहिल्या आठवड्यातच शिका, नाहीतर दोन ढोलक भांडतात. बाहेरून आणलेला इंडियन सेट (स्टाईल-आवाजांचा तयार संच) लोड करायच्या आधी आपल्या युजर बँका, म्हणजे आपण साठवलेल्या गोष्टी, पेनड्राईव्हवर सेव्ह करा, तो सेट सरळ त्यांच्या जागी येऊन बसतो.

---

मी गाणं शिकवते, कॉर्ड-बिर्ड फार नाही. यामाहाच्या आय ५०० चं रियाझ बटण दाबलं, तबला-तानपुरा सुरू, माझं शिक्षण तिथेच पूर्ण 😄 मुलं मात्र तासाभरात सिंक स्टार्ट (पट्टी दाबताच ताल सुरू), फिल-इन (मधला छोटा तुकडा) सगळं शोधून काढतात.

---

रोलंडच्या एक्सपीएस-१० ला कुणी अरेंजर समजून घेऊ नका रे. तो सिंथ (आवाज घडवायचा कीबोर्ड) आहे, रिदम वाजतो पण डाव्या हाताच्या कॉर्डमागे बेस-गिटार येत नाही. आवाज बनवायला शिकायचं असेल तर जरूर घ्या.

---

@ऑर्केस्ट्रावाले दादा, पीए ७०० ला जुने पीए ६०० चे सेट चालतात का?